ऑक्टोबरचा उकाडा ओसरताना त्वचेची निगा

दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारवा जाणवू लागला, की पुणे, नाशिक, नागपूरकडील हवेतील आर्द्रता उतरते आणि त्वचेच्या वरच्या थरातील पाणी अधिक वेगाने उडून जाते. म्हणूनच चेहरा धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटतात आणि पोटरीवर नख फिरवल्यास पांढरी रेघ उमटते. अशी रेघ दिसू लागताच भरपूर फेसाचा फेसवॉश बाजूला ठेवून सौम्य फेसवॉश घ्यावा आणि हलक्या जेलऐवजी ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा, ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेले क्रीम वापरावे. माझ्या मते क्रीम कोणते, यापेक्षा ते केव्हा लावतो हे अधिक महत्त्वाचे आहे: कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर अंग पंच्याने न घासता केवळ टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावावे, म्हणजे तो ओलावा आतच टिकून राहतो. उटणे लावायचे असल्यास आधी तेलाने अभ्यंग करावे आणि उटणे पूर्ण वाळून खरवडण्याची वेळ येऊ देऊ नये. सनस्क्रीन मात्र बंद करू नये. दुपारचे ऊन अजूनही कडक असते, त्यामुळे बाहेर असताना किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे.