मोहरीने जमिनीतलं कॅडमियम कसं काढावं

कॅडमियम हा विषारी जड धातू आहे. झाड धातू नष्ट करत नाही. मातीतला धातू उचलून पाल्यात साठवतं, एवढंच. म्हणून तो पाला शेवटी कुठे जाणार, हे पेरणीआधीच ठरवा.

१. माती तपासा. नागमोडी चालत गुंठ्यातल्या दहा ठिकाणांहून वरची १५ सेंमी माती घ्या. जस्ताचा मुलामा असलेलं फावडं नको, तपासणी चुकते. माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो द्या. नेहमीच्या माती परीक्षणात जड धातू येत नाहीत. एकूण कॅडमियम, शिसं, आर्सेनिक आणि सामू (पीएच) असं स्पष्ट सांगून तपासून घ्या.

शिसं जास्त निघालं तर मोहरीच्या नादी लागू नका. शिसं मातीला घट्ट चिकटून राहतं. ईडीटीए हे धातू सुटा करणारं रसायन टाकलं की ते सुटतं खरं, पण पाण्याबरोबर विहिरीकडेही जातं. शिसं असलेल्या जमिनीत वाळा लावा. शिसं जागेवरच राहील, पण मातीची धूप आणि धूळ थांबेल. आर्सेनिक जास्त असेल तर टेरिस व्हिटाटा हा नेचा लावा.

२. हिशोब मांडा. गुंठ्यातल्या १५ सेंमी थरात साधारण २२ टन माती असते. कॅडमियम किलोमागे १ मिलिग्रॅमने उतरवायचं म्हणजे २२ ग्रॅम काढायचं. समजा ७५ किलो वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोला २० मिलिग्रॅम कॅडमियम आलं, तर एका पिकात दीड ग्रॅम. म्हणजे जवळपास १५ पिकं! एवढा धीर नसेल तर सुरुवातच करू नका.

३. ऑक्टोबरात पेरा. गुंठ्याला १०० ग्रॅम बी, ओळींत २० सेंमी अंतर. इथे दाणा नको, पाला हवा. अडीच किलो अमोनियम सल्फेट दोन हप्त्यांत द्या. चुना टाकू नका, सामू वाढला की कॅडमियम मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत याच कारणाने उचल कमी होते. सुपर फॉस्फेटही टाळा, त्यातच कॅडमियम असू शकतं.

४. फुलं आली की, शेंगा धरण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. प्लास्टिकवर वाळवा. भाजी, चारा, कंपोस्ट यांपैकी काहीही करू नका. जाळूही नका, धातू धुरात आणि राखेत जातो. पोत्यात बंद करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला विचारा आणि परवानाधारक घातक कचरा केंद्राकडे द्या. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत.

एका पिकानंतर मातीतला फरक तपासणीत दिसणार नाही. त्याऐवजी वाळलेल्या पाल्याचं वजन करा आणि त्यातलं कॅडमियम तपासा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या पिकाने काढलेला धातू. माती चार पिकांनंतर, त्याच दहा जागांवरून, त्याच प्रयोगशाळेत तपासा.