काळ्या मातीच्या मुलखात पहिली विंच कशी निवडावी

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेले, ड्रमवर (फिरत्या रिळावर) दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारे विजेवरचे यंत्र. पहिली विंच घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेल्यावर सर्वप्रथम खोक्यावरचा आकडा वाचतो आणि बहुधा त्याच आकड्यावर निर्णय घेतो. ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो आणि १२,००० पौंड म्हणजे सुमारे ५,४५० किलो, हे गणित सोपे असल्याने आपली दोन-सव्वादोन टनांची गाडी त्यात सहज ओढली जाईल असे वाटते. आकडा खोटा नसतो, परंतु तो एका विशिष्ट स्थितीतला असतो: जवळजवळ सगळा दोर बाहेर सोडलेला असून ड्रमवर फक्त सर्वांत आतला थर उरलेला असताना विंच जितकी ओढ देते, तितकीच खोक्यावर छापलेली असते. दोर गुंडाळला जाऊन ड्रमवर थरावर थर चढू लागला की ड्रमचा घेर वाढतो, मोटरचा पीळ (टॉर्क) मात्र तेवढाच राहतो, आणि म्हणून प्रत्येक थरागणिक ओढ कमी होत जाते. ९,५०० पौंडांच्या अनेक विंचमध्ये चौथ्या थरावर पहिल्या थराच्या ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे २,६०० किलो ओढ उरते. उत्पादक थरानुसार ओढीचा तक्ता पुस्तिकेत देतात. तो तक्ता नसलेली विंच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किती ओढ लागेल हे गाडीइतकेच मातीवर अवलंबून असते. काटोल, कळमेश्वर, हिंगणा या नागपूरच्या पश्चिमेकडच्या भागात बेसाल्टपासून झालेली काळी माती आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाकाला खालून धरून ठेवते. अडकलेली गाडी ओढण्यासाठी एक जुना ठोकताळा वापरला जातो: चिखल चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतकी, चाकावरच्या कमानीपर्यंत असेल तर दुप्पट आणि त्याही वर गेला तर तिप्पट ओढ धरावी. वर चढ असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग त्यात मिळवावा. १५ अंशांच्या चढाला वजनाच्या पावपट ओढ वाढते. हे अंदाज ढोबळ आहेत, पण दुकानातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात.

सर्वसाधारण नियम असा आहे की, माणसे आणि सामान धरून गाडीचे जे कमाल वजन होते त्याच्या किमान दीडपट क्षमतेची विंच घ्यावी. हे वजन गाडीच्या कागदपत्रांत मिळते. पाच दारांच्या जिम्नीचे कमाल वजन १,५४५ किलो आहे. दीडपट केल्यास ते सुमारे २,३२० किलो, म्हणजे ५,१०० पौंड होते, आणि नियमानुसार ६,००० पौंडांची विंच पुरेशी ठरते. चार माणसे आणि सामान भरलेली थार सव्वादोन टन धरली तर दीडपटीने ७,४५० पौंड होतात आणि ८,००० पौंडांची विंच नियमात बसते. परंतु आता हेच गणित काळ्या मातीवर लावून पाहावे. कमानीपर्यंत रुतलेल्या त्या थारला साडेचार टन ओढ लागेल, आणि ९,५०० पौंडांची विंचदेखील पहिल्या थरावर ४,३०० किलोच देते. म्हणून जिम्नी आणि जिप्सीसारख्या हलक्या गाड्यांसाठी ८,००० आणि थारसारख्यांसाठी ९,५०० पौंड ही मी खालची मर्यादा मानतो. १२,००० पौंडांकडे मात्र केवळ आकड्याच्या मोहाने जाऊ नये, कारण वाढलेली क्षमता वजन आणि वीज या दोन्ही रूपांत परत मागितली जाते.

उरलेली तूट कप्पी भरून काढते. स्नॅच ब्लॉक म्हणून मिळणारी ही उघडणारी कप्पी झाडाला बांधून दोर तिच्यातून फिरवून पुन्हा गाडीच्या चासीवरील ओढकड्याला लावला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. शिवाय दोर दुप्पट बाहेर गेल्याने ड्रमवरचे थर उतरतात आणि विंच आपल्या ताकदीच्या थरावर येते, हा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की, अशा मांडणीत झाडाकडच्या टोकावर विंचच्या दुप्पट ताण येतो. गाडीकडे १९ मिलिमीटरची पावणेपाच टनांची शॅकल, म्हणजे दोर जोडायची पोलादी कडी, चालते. झाडाकडे २२ मिलिमीटरची साडेसहा टनांची घ्यावी. झाडाभोवती दोर कधीही थेट गुंडाळू नये; किमान ७५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा बुंध्याच्या तळाशी लावावा, म्हणजे सालही सोलली जात नाही आणि दोरही कापला जात नाही.

पण झाड तरी हवे ना! काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कळमेश्वरकडच्या एका पांदण रस्त्यावर माझी गाडी मागच्या धुरीपर्यंत बसली. विंच नवी होती, बॅटरी भरलेली होती, आणि दोन्ही बाजूंना सोयाबीनची मोकळी शेते होती. सर्वांत जवळची बाभूळ ४० मीटरांवर शेताच्या बांधावर उभी होती आणि माझा दोर २६ मीटरांचा होता. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला, त्याच्या चाकांपुढे दगड लावले आणि त्यालाच आधार करून मी गाडी ओढली. त्या दिवसापासून मी विंचबरोबर दोर लांबवायला २० मीटरांचा जोडपट्टा ठेवतो आणि विंच घेणाऱ्या प्रत्येकाला तो आधी घ्यायला सांगतो. काहीच आधार नसेल तर स्टेपनी खड्ड्यात उभी पुरून तिच्यातून पट्टा ओढता येतो, पण त्यासाठी फावडे आणि तासभर घाम लागतो. फावडे तसेही हवेच. चाकाभोवतीची माती मोकळी करून खाली हवा शिरू दिली की काळी माती आपली पकड बरीच सोडते आणि विंचवरचा भार कमी होतो.

दोराच्या बाबतीत पोलादी वायर आणि कृत्रिम धाग्याचा दोर असे दोन पर्याय आहेत. पोलादी वायर स्वस्त असते, ऊन आणि दगड सहन करते, पण जड असते, तिचे तुटलेले तंतू हाताला चिरतात आणि ताणाखाली तुटली तर ती चाबकासारखी उडते. कृत्रिम दोर तितक्याच ताकदीला वजनाने सुमारे सातव्या हिश्श्याचा असतो आणि तुटल्यावर फार उसळत नाही. त्याचे शत्रू तीन: ऊन, घर्षण आणि ड्रममधल्या ब्रेकची उष्णता. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात वर्षभर उघडा ठेवला तर तो नक्कीच कमकुवत होतो, आणि चिखलातले बारीक कण धाग्यांत शिरून त्याला आतून घासतात. तरीही पहिल्या विंचसाठी मी कृत्रिम दोरच सुचवतो, कारण आपल्याकडे गाडी अडकली की पाच मिनिटांत गावातली मुले-माणसे भोवती गोळा होतात आणि त्यांना दूर ठेवणे नेहमीच जमत नाही. त्यावर कापडी आवरण घालावे, प्रत्येक वापरानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, आणि त्याच्यासाठी रोलरऐवजी गुळगुळीत ॲल्युमिनियमची फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून आत-बाहेर जातो ती चौकट, बसवावी. ज्या रोलरवर पूर्वी वायर घासली आहे त्यावर हा दोर कधीही चालवू नये.

विजेचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. या गटातली १२ व्होल्टची विंच बिनभाराची फिरताना ६० ते ८० अँपिअर घेते, पण पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास जाते, आणि गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच पुरवठा करू शकतो. उरलेले सारे बॅटरीतून जाते. त्यामुळे इंजिन चालू ठेवूनच ओढावे, सलग अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त ओढू नये आणि मध्ये मोटर व बॅटरी दोन्हींना दम घेऊ द्यावा. जुनी बॅटरी असेल तर विंचच्या आधी ती बदलावी. तारा विंचबरोबर आलेल्याच, जाड तांब्याच्या वापराव्यात, त्या धारदार कडांपासून दूर न्याव्यात आणि बॅटरीजवळ वीज तोडणारी तोडकळ म्हणजे आयसोलेटर बसवावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत विंचची तार चासीला घासून शॉर्ट झाल्यास आग लागते. मोटरचे दोन प्रकार येतात: स्थायी चुंबकाची मोटर कमी वीज खाते पण लवकर तापते, तर सिरीज वाउंड मोटर जास्त वीज घेऊन जड काम जास्त वेळ करते. आपली माती पाहता दुसरी घ्यावी.

पाणी आणि धूळ यांपासून संरक्षणासाठी आयपी ६७ दर्जा पाहावा. वायरलेस रिमोट सोयीचा असतो, पण सोबत तारेचा रिमोट नसेल तर ती विंच घेऊ नये.

विंच बंपरला बसवतात असे म्हटले जाते, प्रत्यक्षात ती चासीलाच बसली पाहिजे. बहुतेक विंचच्या पायांची मापे २५४ गुणिले ११४ मिलिमीटर अशी ठरलेली असतात, तेव्हा विंच ज्यावर बसते ती पट्टी निवडताना हे माप जुळते का आणि ती चासीच्या दोन्ही दांड्यांना उच्च ताणाच्या बोल्टने घट्ट होते का, हे समोर उभे राहून पाहावे. दुकानदार पुढे मोठा लोखंडी बुलबार दाखवील, तो नाकारावा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवले आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा बार एअरबॅगच्या वेळेत गडबड करू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो. मूळ बंपरच्या आत लपणारी पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि बसवण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनी दोन्हींकडे विचारून ठेवावे. विंच रेडिएटरसमोरची हवा किती अडवते हेही पाहावे. मे महिन्यात एसी चालू ठेवून गाडी चढावर घेतल्यावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर जागा चुकली असे समजावे. पोलादी दोराची विंच ४० किलोंच्या आसपास भरते आणि पट्टीचे वजन वेगळे, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बसल्या का हेही तपासावे.

जंगलाविषयी दोन शब्द. पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला आपल्याला जवळ आहेत, पण राखीव वनात वाट सोडून गाडी घालणे बेकायदेशीर आहे आणि तिथल्या सागाला पट्टा बांधण्याचा प्रश्नच येऊ नये. विंच चालवायचा सराव ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून करावा.

पहिल्याच दिवशी एक काम अवश्य करावे. कारखान्यातून आलेला दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला असतो, आणि तसाच भार दिला तर वरचा थर खालच्या थरात रुतून बसतो. सपाट रस्त्यावर दोर ड्रमवर आठ-दहा वेढे राहतील इतका बाहेर काढावा, दुसऱ्या गाडीला लावावा, आपली गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आत बसलेल्याने ब्रेक हलका दाबून धरावा, आणि थोड्या ताणाखाली दोर शेजारी शेजारी नीट बसवत आत घ्यावा. हातात जाड चामडी हातमोजे असावेत, दोराच्या मध्यावर जड ओले पोते टाकावे आणि दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. दोर आत आल्यावर हुक फेअरलीडपासून दीडेक मीटरवर असताना थांबावे आणि शेवटचा भाग बटण एक-एक झटका दाबूनच गुंडाळावा, कारण हातमोज्यासकट बोटे फेअरलीडमध्ये ओढली जाण्याचे अपघात नेमके याच वेळी होतात.