पात्याच्या सेक्टरला पिरिऑडिक सीमा देताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या पंपाचा इम्पेलर (पात्यांचं फिरतं चाक) असो की तिथल्याच कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रोजेक्टचा पंखा, संगणकावर प्रवाहाचं गणित करताना ७ पात्यांपैकी एकाचाच सेक्टर (पाचरीसारखा तुकडा) सोडवला तर मेश, म्हणजे गणितासाठीची छोट्या पेशींची जाळी, सातपट लहान होतो. त्यासाठी सेक्टरच्या दोन्ही कापांना पिरिऑडिक सीमा देतात, म्हणजे एका कापातून बाहेर गेलेला प्रवाह दुसऱ्यातून आत येतो; म्हणून कापांवरचे फेस (पेशींच्या बाजू) फिरवल्यावर एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. मेश जीमेश या मेश बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून ओपनफोम या प्रवाह सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना एरर अनेकदा कन्व्हर्जननंतर (फाइल ओपनफोमच्या रूपात बदलल्यावर) दिसते, पण मूळ बहुतेकदा भूमितीतच असतं.

सर्वात जास्त वेळ खाते ती कोनाची चूक. कॅडमध्ये ३६०/७ अचूक असतं आणि स्क्रिप्टमध्ये ५१.४३ लिहिलं जातं. फरक फक्त ०.००१४ अंशाचा, पण १५० मिमी त्रिज्येवर तो सुमारे ०.००३७ मिमी भरतो आणि जीमेशला कोपऱ्याचा जोडीदार सापडत नाही. २*पाय/७ असंच लिहा. जीमेश कोन रेडियनमध्ये घेतं. जीमेशच्या पिरिऑडिक ओळीत डावीकडे स्लेव्ह (ज्यावर मेशची नक्कल होते तो काप), उजवीकडे मास्टर (मूळ काप), आणि रोटेशन मास्टरकडून स्लेव्हकडे. चिन्ह उलटं पडलं तरी हीच एरर येते. बूलियन (आकार जोडणं-वजा करणं) किंवा कोहेरन्सनंतर (सामाईक भाग एक करणं) सरफेसचे नंबर बदलतात, म्हणून पिरिऑडिकची ओळ त्यानंतरच लिहा. एका कापाची कड दोन तुकड्यांत आणि दुसऱ्याची अखंड असेल तर जोडी जुळणार नाही. एकच काप काढून तो फिरवून कॉपी करणं उत्तम.

फाइल जीमेशच्या एमएसएच २.२ या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. दोन्ही कापांना वेगळी फिजिकल नावं (ओपनफोमपर्यंत पोचणारी गटांची नावं) द्या, आतल्या जागेसाठी फिजिकल व्हॉल्यूमही विसरू नका.

आता कन्व्हर्जन. ओपनफोमची बाउंड्री फाइल उघडून ‘पॅच’च्या (साध्या सीमेच्या) जागी ‘सायक्लिक’ (ओपनफोममधलं पिरिऑडिक सीमेचं नाव) टाइप करू नका. फेसचा क्रम जुळलेला नसतो, त्यामुळे मेश तपासणारी चेकमेश ही कमांड क्षेत्रफळ जुळत नसल्याची तक्रार करते. क्रम क्रिएटपॅच ही कमांड लावून देते. तिच्या डिक्शनरीत (सेटिंगच्या फाइलीत) प्रत्येक बाजूला नेबरपॅच (जोडीदार कापाचं नाव), रोटेशनल ट्रान्सफॉर्म, अक्ष आणि केंद्र द्या. ट्रान्सफॉर्मच्या कीचं नाव ओपनफोमच्या फाउंडेशन आणि ईएसआय या दोन आवृत्त्यांत वेगळं आहे, तेव्हा डिक्शनरी आपल्याच आवृत्तीच्या ट्यूटोरियलमधून उचला. मेश मिमीतून मीटरमध्ये आणला असेल तर केंद्राचे आकडेही मीटरमध्ये हवेत. वेग-दाबाच्या फाइल्समध्येही दोन्ही पॅच सायक्लिक करा.

तरीही जुळलं नाही तर मॅचटॉलरन्स (जुळणीत चालणारा फरक) ०.०००१ वरून ०.१ करण्याचा मोह आवरा. एरर जाते, पण चुकीच्या जागी असलेले फेस तसेच जोडले जातात. दोन्ही बाजूंचे फेस खरोखरच वेगळे असतील तर ईएसआय आवृत्तीत सायक्लिकएएमआय (न जुळणारे फेस जोडणारी सीमा) वापरा आणि लॉगमधले वेट्स (फेस किती झाकले गेले त्याचं प्रमाण) १ च्या जवळ आहेत ना, ते पाहा.