आइसलँडच्या ब्लू लगूनला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या तलावात डुंबायला जाताय? मग बॅग भरायच्या आधी हे बघा

पहिलं काम बुकिंग. आइसलँडला पोचल्यावर दारातच तिकीट काढू म्हणाल तर जागा मिळेलच असं नाही, आणि स्लॉट घेताना फ्लाइटची वेळ समोर ठेवा, केफ्लाविक एअरपोर्टवरून गाडीने साधारण २० मिनिटंच लागतात म्हणून बरेच लोक उतरल्या उतरल्या किंवा निघायच्या दिवशी तिकडे जातात. तारीख जवळ आली की वेबसाइट रोज चेक करा, कारण शेजारच्या ग्रिंडाविक गावाजवळ डिसेंबर २०२३ पासून अधूनमधून लाव्हा बाहेर पडलाय आणि तसं झालं की लगून सरळ बंद करतात.

टॉवेल आणि सिलिकाचा, म्हणजे पांढऱ्या चिखलासारखा चेहऱ्याला लावायचा मास्क तिकिटातच येतो, तेव्हा ते ओझं नको. स्विमसूट मात्र घ्या, सलवार किंवा टीशर्टवर उतरू देतील या भरवशावर राहू नका. आणि आपल्या लोकांना घाम फुटतो तो पुढच्या नियमाने, पाण्यात उतरायच्या आधी कपडे काढून साबण लावून आंघोळ करायची, स्विमसूटसुद्धा नंतर घालायचा. आडोशाचे शॉवर असतात हो, एवढं टेन्शन नको!

केसांचं मात्र मनावर घ्या. पाण्यातल्या सिलिकाने ते खराट्यासारखे होतात, म्हणून शॉवरपाशी ठेवलेला कंडिशनर भरपूर चोपडायचा, तसाच राहू द्यायचा आणि वर घट्ट अंबाडा. अंगठ्या, चेन, मंगळसूत्र लॉकरमध्ये, पाणी इतकं दुधाळ असतं की पडलेलं काही दिसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सही काढा.

आता स्किनचं. हे पाणी स्वार्ट्सेंगीच्या जिओथर्मल, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या पॉवर प्लांटमधून आलेलं आहे, नाक मुरडू नका, जमिनीखालून येणारं हे खारं पाणी वीज आणि हीटिंगसाठी वापरून झालं की इथे येतं, ३७ ते ४० डिग्री. १९८१ च्या सुमारास सोरायसिसच्या एका पेशंटने त्यात आंघोळ केली, त्याला बरं वाटलं आणि मग नाव झालं. पण एका डुबकीत एक्झिमा जाईल असं मनात धरून जाऊ नका, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि उघडी जखम असेल तर राहूच द्या. खाऱ्या पाण्याने त्वचा उलट कोरडी पडते, त्यामुळे बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुऊन लगेच मॉइश्चरायझर, तो बॅगेत अगदी वर ठेवा. मधूनमधून पाणी पीत राहा, गरम पाण्यात तहान कळत नाही आणि चक्कर येते. हिवाळ्यात जाणार असाल तर लोकरीची टोपीही घ्या, अंग गरम पाण्यात आणि कानाला गार वारा असा प्रकार असतो तिथे.