घरच्या सायडर-मीडला आयरिश नाव कसे द्यावे

माझ्या पहिल्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या पेयाच्या, बाटल्यांवर मी मोठ्या हौसेने लिहिले होते 'लेन ऊल'. डब्लिनजवळच्या आमच्या गल्लीत केरी परगण्यातले एक आजोबा राहतात. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि विचारले, "सफरचंदांवर पीएचडी करतोयस का?" 'ल्यान' म्हणजे एल या बिअरच्या प्रकारासारखे आंबवलेले पेय आणि 'ऊल' म्हणजे सफरचंद, म्हणून 'ल्यान ऊल' म्हणजे सायडर. पण 'ल्यान'मधल्या ई या अक्षरावर एक तिरकी रेघ पडली की तो शब्द 'लेन' होतो, आणि लेन म्हणजे विद्या, पांडित्य. मी ती रेघ शोभेसाठी दिली होती.

या रेघेला फाडा म्हणतात. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत जो फरक, तोच फाडा असण्या-नसण्यात. तो नक्षी म्हणून कुठेही द्यायचा नाही, आणि छापखान्याच्या फाँटमध्ये नाही म्हणून गाळायचाही नाही.

आधी बरणीकडे बघा

बहुतेक जण आधी इंग्रजीत झोकदार नाव ठरवतात आणि मग त्याचे आयरिश भाषांतर शोधतात. चुका तिथेच होतात. उलट करा. कागदावर तीन गोष्टी लिहा: सायडरचे फळ किंवा मीडचा (मीड म्हणजे मध आंबवून केलेले पेय) मध कुठला, बरणी कधी भरली, आणि रंग-चव कशी उतरली. मग त्या प्रत्येकीसाठी आयरिश भाषेत आधीपासून काय शब्द आहे ते पाहा.

रंगाचेच घ्या. लाल म्हटले की कोश 'ज्यारग' देतो. पण केस, कोल्हा, तांबूस पान यांचा लाल वेगळा, त्याला 'रुआ' म्हणतात. कोल्ह्याचे नावच 'माद्रा रुआ', म्हणजे तांबडा कुत्रा. सायडरचा तांबूस-पिवळा रंग ज्यारग नव्हे, रुआच्या जवळचा, आणि 'माद्रा रुआ' हे बाटलीला झकास नाव होते. हिरव्याचेही तसेच. झाडापानांचा हिरवा 'ग्लास', आणि गंमत म्हणजे राखाडीलाही बऱ्याचदा ग्लासच. रंगवलेल्या वस्तूचा हिरवा मात्र 'उअन्या'. हिरव्या सफरचंदाच्या सायडरला दुसरा शब्द लावलात तर ते डिस्टेंपरच्या डब्यासारखे वाटेल.

चवीसाठी 'मिलिश' म्हणजे गोड. तो 'मिल', म्हणजे मध, याच शब्दावरून आला. कोरड्या वाइनला जो 'तिरिम' लावतात, तोच कोरड्या सायडरलाही चालतो. कडवट-आंबट असेल तर 'शारव'.

महिन्यांची नावे तर आयती आहेत. आयरिश पंचांगात शरद ऋतू ऑगस्टमध्येच सुरू होतो. त्यामुळे सप्टेंबर म्हणजे 'शरदाचा मध्य' आणि ऑक्टोबर म्हणजे 'शरदाची अखेर', 'डेरा फोवर'. सफरचंदे पिळायचे दिवस हेच. 1 नोव्हेंबरचा सण 'साउन', आणि त्याच्या आदल्या रात्री टांगलेले सफरचंद हात न लावता दातांनी पकडायचा खेळ आयर्लंडमध्ये जुना आहे. डॅनियल मॅक्लीसने 1833 मध्ये त्याचे चित्रही काढले. ऑक्टोबरात भरलेल्या बरणीला आणखी कुठे नाव शोधायला जायचे?

मग व्याकरणाला शरण जा

इथे मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा सोपे जाते. लिंगभेद आपल्याला नवा नाही, आणि सामान्यरूप तर मुळीच नाही. 'घोडा' पण 'घोड्याचा', तसे 'मिल' पण 'म्याला', म्हणजे मधाचा. फरक एवढाच की आपण शब्दाची शेपटी बदलतो, आयरिश भाषा शेपटी तर बदलतेच, वर नाकही बदलते.

मधमाशीसाठी शब्द आहे 'ब्याख', स्त्रीलिंगी. त्यापुढे 'म्याला' आला की त्याच्या 'म'चा 'व' होतो: 'ब्याख व्याला'. लिहिताना एम या अक्षरामागे एक एच चिकटतो, बस्स. 'साउन'ची रात्र म्हणताना एसमागे एच येतो आणि उच्चार 'हाउना' होतो. हा एच दिसला नाही की जाणकाराला लगेच कळते की नाव दोन शब्दकोश-नोंदी शेजारी ठेवून केले आहे.

दोन नियम पाठ करा. विशेषण बहुधा नामाच्या मागून येते: लाल सफरचंद म्हणजे 'ऊल ज्यारग', 'ज्यारग ऊल' नाही. आणि 'ऊल'ला 'अन' हे इंग्रजी 'द'सारखे उपपद लावले की मध्ये एक टी घुसतो: सोनेरी सफरचंद म्हणजे 'अन तूल ओरगा'. लेबलवर हा टी लहान लिपीतला आणि त्यापुढचा यू मोठा. सगळे नाव मोठ्या अक्षरांत असले तरी टी लहानच. डिझाइन करणारा मित्र ही 'चूक' दुरुस्त करायला निघेल, त्याचा हात धरा.

मीडसाठी गोष्टी धुंडाळा

सायडरला फळ आणि महिना पुरतो. मीडला मात्र गोष्टींचा खजिना आहे, आणि त्यात आपले नातेही निघते. मीडचा आयरिश शब्द एम-आय-ओ-डी-एच असा लिहितात. शेवटचे डीएच आज मूक आहे. जुन्या आयरिशमध्ये तो 'मिध'सारखा ऐकू यायचा. संस्कृत 'मधु', आपला 'मध' आणि हा 'मिध' एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. मधुचंद्रालाही त्यांच्याकडे 'मी ना म्याला' म्हणतात, म्हणजे मधाचा महिना. लग्नात भेट द्यायच्या बाटलीसाठी याहून चांगले नाव मला तरी सुचलेले नाही.

कॉनाख्ट या आयरिश प्रांताची कथांतली राणी मेव्ह: तिच्या नावाचा अर्थच 'धुंद करणारी' असा लावतात, आणि मूळ पुन्हा मीडचेच. ताराच्या टेकडीवरच्या राजांच्या मेजवानीगृहाचे जुने नावही मीडच्या फेरीवरून आहे. सौम्य, फुलांच्या मधाचे मीड असेल तर 'गॉबनेत' बघा. ही मधमाश्यांची संत, कॉर्क परगण्यातल्या बालीव्होर्नीची. तिचा सण 11 फेब्रुवारीला. गुरे पळवायला आलेल्यांवर तिने माश्या सोडल्या, अशी कथा आहे.

पण माझे सगळ्यात लाडके नाव कायद्याच्या पोथीतले. सातव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडमध्ये फक्त मधमाश्यांवर एक कायदेग्रंथ होता, 'बेखब्रेथा', म्हणजे 'माश्यांचे निवाडे'. त्यात काँगल काएख या राजाचा दाखला आहे: माशीने डोळ्याला दंश केला, डोळा गेला, आणि अशा व्यंगामुळे ताराचे राज्यही गेले. 'काएख' म्हणजे आंधळा. आजचा उच्चार प्रदेशानुसार 'कीख' किंवा 'केख'. झिंगून तर्र झालेल्यालाही आजच्या बोलीत 'कीख ओलता' म्हणतात. चौदा टक्क्यांचे मीड असेल तर दुसरे नाव शोधू नका.

सायडर आणि मीड दोन्ही एकत्र, म्हणजे सफरचंदाच्या रसात मध आंबवला असेल, तर क्लॉनमेल गाव आठवा. टिपरेरी परगण्यातल्या या गावात विल्यम मॅग्नरने 1935 मध्ये सायडरचा धंदा सुरू केला, आणि गावाचे आयरिश नाव 'क्लूअन म्याला', मधाचे कुरण. समुद्रदेव मनानानच्या सफरचंदांच्या बेटाचे नाव 'आवन आवलाख' हेही चालेल. फक्त पाहुण्यांना ते म्हणायला शिकवण्याची तयारी ठेवा.

तोंडात घोळवा, मग छापा

नाव मोठ्याने म्हणा. टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन डॉट आय-ई या मोफत कोशात अल्स्टर, कॉनाख्ट आणि मन्स्टर अशा तिन्ही बोलींतले उच्चार ऐकता येतात. गावांच्या नावांसाठी एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आय-ई. केरीत 'ल्यान'चा 'ल्याउन' ऐकू आला तर गोंधळू नका, दोन्ही बरोबर.

जोडून येणारे दुसरे अर्थही बघा. 'ल्यान डुव्ह', काळे ल्यान, म्हणजे स्टाउट ही काळी बिअर. पण त्याच शब्दाच्या 'ल्युन डुव्ह' या जुन्या रूपाचा अर्थ उदासी असा होतो. करवंदी रंगाच्या सायडरला 'काळे' म्हणण्याआधी विचार करा.

जुन्या गेलिक वळणाची अक्षरे लेबलवर देखणी दिसतात. त्या लिपीत एच लिहीत नाहीत, अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात. दोन्हीपैकी एकच वापरा. टिंबही आणि एचही म्हणजे एकाच शब्दावर दोन अनुस्वार. शेवटी आयरिश बोलणाऱ्या एखाद्या माणसाला नाव दाखवाच. बाटली सोबत न्यावी, उत्तर लवकर मिळते.

काहीच सुचले नाही तर क्रमांक द्या: 'अन ख्येद ख्याउन', पहिला, 'अन दारा क्याउन', दुसरा. 'ख्याउन', 'क्याउन' हे केरीकडचे उच्चार, आजोबांनी शिकवलेले. माझी तिसरी बरणी सध्या जिन्याखाली बुडबुडते आहे. तिचे नाव ठरलेले नाही, कारण ती मिलिश होणार की तिरिम, हे अजून तिचे तिलाही कळलेले नाही.