सही आता माझी: अमेरिकेत अ‍ॅडल्ट-जेरोंटॉलॉजी नर्स प्रॅक्टिशनर होताना

"ताई, मीही नर्स आहे. मला एनपी व्हायचंय, कुठून सुरुवात करू?" असे मेसेज महिन्यातून दोन-चार तरी येतात. कुणी अजून सांगली-कोल्हापूरकडे ड्यूटी करत असते, कुणी नुकतीच नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासला येऊन पोहोचलेली असते. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी मिरजेला बीएस्सी नर्सिंग केलं, पुण्यात तीन वर्षं आयसीयूत काढली आणि लग्नानंतर न्यू जर्सीला आले. पदवीच्या कागदांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा असं करत रजिस्टर्ड नर्सचा परवाना मिळवला. त्यानंतर सहा वर्षं एका रिहॅब सेंटरमध्ये रात्रपाळी केली. खुब्याचं ऑपरेशन झालेले, पक्षाघातातून सावरणारे, बहुतेक सगळे सत्तरीपुढचे. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांना झोप लागत नसे, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून जे ऐकलं, त्यातून मला याच लोकांसाठी पुढचं शिकावंसं वाटलं.

एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर: पदव्युत्तर शिक्षण घेतलेली नर्स. ती रुग्ण तपासते, निदान करते, तपासण्या आणि औषधं लिहून देते. ही वाट १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी उघडली. सुरुवात लहान मुलांपासून झाली होती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि हीच बहुतेकजणी घाईत उरकतात. एनपीचं शिक्षण सरसकट नसतं. प्रवेश घेतानाच तुम्ही कोणत्या वयाच्या, कोणत्या गरजेच्या माणसांना बघणार हे ठरवावं लागतं. २००८ च्या राष्ट्रीय आराखड्याने असे सहा गट पाडले. प्रौढ आणि वृद्ध हे आधी दोन वेगळे अभ्यासक्रम होते, ते तेव्हापासून एकत्र आले. कारण सरळ आहे: प्रौढांना बघणाऱ्या कुणाचीही वृद्धांपासून सुटका नाही. या एकत्र गटाचे, म्हणजे अ‍ॅडल्ट-जेरोंटॉलॉजीचे, पुन्हा दोन रस्ते आहेत, प्रायमरी केअर (क्लिनिकमधली नेहमीची काळजी) आणि अक्यूट केअर (हॉस्पिटलमधले गंभीर रुग्ण). मी प्रायमरी केअर घेतलं. साधारण १३ वर्षांच्या मुलापासून शंभरीच्या आजीपर्यंत कुणालाही मी बघू शकते, त्याखालच्या मुलांना नाही.

फॅमिली एनपी केलं तर सगळी वयं येतात आणि नोकरीच्या जाहिरातीही जास्त दिसतात. त्यामुळे "फॅमिलीच कर, दारं उघडी राहतात" असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो खोटा नाही. पण बालआरोग्य आणि गरोदरपण यांत जो वेळ जातो, तेवढा वेळ मला स्मृतिभ्रंश, पडणं, कंपवात आणि आयुष्याच्या शेवटाची काळजी यांवर मिळाला. ज्यांचं मन म्हाताऱ्या माणसांत रमतं, त्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यांना आयसीयू सोडवत नाही, त्यांनी अक्यूट केअरच घ्यावं. माझी एक मैत्रीण प्रायमरी केअर करून हॉस्पिटलमध्ये नोकरी शोधायला गेली. तिथे अक्यूट केअरचं प्रमाणपत्र हवं होतं. तिला पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटसाठी पुन्हा वर्गात बसावं लागलं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतला आरएन परवाना आणि बीएस्सी नर्सिंगशी समकक्ष पदवी लागते. जीएनएम ही पदविका झालेल्यांनी आधी पदवीचा टप्पा पूर्ण करायचा. कार्यरत नर्सेससाठी तसे ऑनलाइन अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. एमएसएन म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स, किंवा थेट डॉक्टरेट म्हणजे डीएनपी, दोन्ही चालतात. परवाना दोन्हीवर मिळतो. मी नोकरी सांभाळून पार्टटाइम एमएसएन केलं, तीन वर्षं लागली. बेडसाइडचा अनुभव काही कॉलेजं मागत नाहीत, तरी दोन-तीन वर्षं तो घ्याच. बिघडत चाललेला रुग्ण दारातून बघताच ओळखता येणं वर्गात मिळत नाही.

अभ्यासाचा पाया तीन विषयांचा असतो आणि सगळे त्यांना 'थ्री पीज' म्हणतात: अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट. आपल्याकडच्या मुली पाठांतरात पक्क्या असतात, पहिले दोन विषय त्यांना जड जात नाहीत. पण फार्माकॉलॉजीतलं एक उदाहरण माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. ८४ वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम बघायला रक्तात मोजतात ते, १.० आहे. रिपोर्टवर लाल खूण नाही, सगळं नॉर्मल. तेच वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाला, तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची गती, मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलिटर येतो. अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. मूत्रपिंडं मात्र दमलेली. अशा बाईंना तरुणाचा डोस दिला तर औषध अंगात साठत जातं. हे गणित मी आजही रोज करते.

मग येतात क्लिनिकलचे तास. राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी रुग्णांसोबतचे किमान ५०० तास लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी अभ्यासक्रमांना ७५० तासांकडे नेलं आहे. हे तास प्रिसेप्टरच्या हाताखाली भरायचे, म्हणजे अनुभवी एनपी किंवा डॉक्टरांच्या. पुष्कळ कॉलेजांत हा प्रिसेप्टर विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो, आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. इतकी फी घेतल्यावर शिकण्याची जागासुद्धा आम्हीच दारोदार फिरून मिळवायची? मी चाळीसच्या वर ठिकाणी ईमेल पाठवले, सुट्टीच्या दिवशी बायोडेटा घेऊन क्लिनिकच्या काउंटरवर उभी राहिले. एका क्लिनिकने होकार दिला, कॉलेजशी करारही झाला, आणि सत्र सुरू व्हायला बारा दिवस असताना 'सध्या जमणार नाही' एवढा एका ओळीचा निरोप आला. त्या रात्री ड्यूटीवर औषधाची ट्रॉली ढकलताना डोळे भरून येत होते. शेवटी आमच्याच रिहॅबमध्ये राउंडला येणाऱ्या एका एनपीबाईंनी मला घेतलं. म्हणून सांगते, अर्ज करताना कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा: प्रिसेप्टर तुम्ही देता की मी शोधायचा? उत्तर लेखी घ्या. आणि आत्ता जिथे काम करता, तिथल्या एनपींशी ओळख आजपासून ठेवा.

त्या बाईंच्या क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी मी रुग्ण तपासून आले, सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग काय करूया?" मी थांबले. इतकी वर्षं मी डॉक्टरांना फोन करून रुग्णाची हकिगत सांगायचे, फार तर सुचवायचे. ऑर्डर त्यांची असायची. आता समोरची बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती. नर्सची एनपी होताना खरा बदल होतो तो इथे. निर्णय घ्यायचा, तो का घेतला ते लिहायचं आणि खाली सही करायची. पुस्तकातल्या ज्ञानाला वेळ दिला की ते येतं. या सवयीला मला जवळजवळ वर्ष लागलं. उत्तर चुकलं तरी चालेल, पण "मला वाटतं आपण असं करावं, कारण..." हे वाक्य पहिल्या आठवड्यापासून तोंडातून काढायला लागा.

एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. स्कूलबस चालवून निवृत्त झालेले ७९ वर्षांचे आजोबा, सोबत मुलगी. तक्रार: विसरतात, आणि गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडले. स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी होती. वृद्धांना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगतात, तशी ती त्यांनी आणली होती. मी एकेक बाटली टेबलावर मांडली आणि कोणती कधी सुरू झाली ते तारखांनी लावलं. चार महिन्यांपूर्वी ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम झालं. पुढे पाय सुजले, म्हणून दुसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड मिळालं. त्याने लघवीच्या खेपा वाढल्या, म्हणून त्या कमी करायला ऑक्सिब्युटिनिन. आणि त्यानंतर विसरणं. मोजे काढले, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला. पण फुप्फुसं स्वच्छ, मानेच्या शिरा सपाट, वजन स्थिर. हृदयाकडे बोट दाखवेल असं काही सापडेना. निजवून रक्तदाब १३८ होता, उभं केल्यावर ११२. उभं राहिल्यावर तो २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ती धोक्याची खूण.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, त्याच्यावर तिसरं, याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं वृद्धांच्या बुद्धीवर मळभ आणतात. बीअर्स निकष नावाची जी यादी आहे, त्यात त्यांच्याबद्दल सावधगिरी दिलेली आहे. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी पहिली यादी केली, अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ती अद्ययावत ठेवते. या शिक्षणात ती जवळ बाळगावीच लागते. आम्ही आधी ऑक्सिब्युटिनिन थांबवलं, मग अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणलं, शेवटी फ्युरोसेमाइड बंद केलं. एका वेळी एकच, मधे रक्ततपासणी आणि ब्लडप्रेशर बघत. दीड महिन्याने आजोबा आले ते मुलीचा हात न धरता. "रात्री एकदाच उठतो," म्हणाले. मुलगी रडत होती.

न्यू जर्सीतल्या एडिसन भागात शिकल्यामुळे आपली माणसंही खूप भेटली. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या साताऱ्याच्या एक आजी आठवतात. बरोबर सहा महिन्यांची औषधं, जुन्या मिठाईच्या डब्यात. गोळ्यांच्या स्ट्रिप्स दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या, नाव असलेला तुकडा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेला. उरलेली दोन-तीन अक्षरं आणि मुलाच्या फोनमधला चिठ्ठीचा फोटो यांवरून आम्ही ओळख पटवली: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली मधुमेहाची गोळी. अधूनमधून घाम फुटून हातपाय गळतात, एवढीच तक्रार. क्लिनिकच्या नियमाप्रमाणे फोनवर दुभाषा जोडलेला होता, बोलणं नीट चाललं होतं, पण कारण हाती लागत नव्हतं. मी विचारलं, "आजी, उपास करता का?"

"गुरुवार असतो, आणि दोन्ही एकादशा. नुसत्या चहावर."

"त्या दिवशी गोळी?"

"ती कशी सोडू बाळा, डॉक्टरांनी सांगितलंय ना."

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे उपाशीपोटी रक्तातली साखर फार उतरते. उपास सोडा असं मी आजींना म्हटलं नाही, म्हणणारही नाही. प्रिसेप्टरना एकादशी समजावली, त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि गोळीच बदलली. जेरिअ‍ॅट्रिक्समध्ये, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकात, पहिल्यापासून शिकवतात की या माणसाला काय महत्त्वाचं वाटतं ते आधी विचारा. आजींना एकादशी महत्त्वाची होती. परदेशातून आलेली नर्स म्हणून तुम्हाला न्यूनगंड येईल, उच्चारांवरून, कमी ओळखींवरून. तेव्हा लक्षात असू द्या की हा प्रश्न त्या खोलीत फक्त तुम्हालाच सुचणार होता.

परीक्षेचं फार भय धरू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या दोन संस्था आहेत, एएनसीसी आणि एएएनपीसीबी. दुसरीची परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची आणि मुख्यतः रुग्णांवर बेतलेली. पहिलीत धोरण, संशोधन, नेतृत्व हेही येतं. मी दुसरी दिली. प्रमाणपत्र पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. त्यानंतर राज्याचा परवाना, आणि नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय खात्याची नोंदणी. काही राज्यांत एनपी पूर्ण स्वतंत्रपणे काम करते, काहींत डॉक्टरांशी लेखी करार लागतो. मी परवाना घेतला तेव्हा न्यू जर्सीत औषधं लिहायला असा करार लागायचा. कुठे राहायचं हे ठरवायला वाव असेल, तर हा नियम आधी बघून घ्या.

"परत भारतात आलं तर उपयोग होईल का?" असंही विचारतात. भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम क्रिटिकल केअरचा आहे. आपल्याकडे गावपातळीवर या कामाच्या जवळ जाणारं कुणी असेल, तर उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी. तिच्याकडे रोज येणाऱ्या आज्यांची संख्या बघता तिला असं सखोल शिक्षण मिळायला हवं, ही माझी फार मनातली इच्छा आहे.

पहिली नोकरी घेताना पगाराआधी दोन गोष्टी विचारा. सुरुवातीचे किती महिने कुणी अनुभवी माणूस हाताशी असेल, आणि एका रुग्णाला किती मिनिटं. मला एके ठिकाणी पंधरा सांगितली होती, ती नोकरी मी घेतली नाही. वॉकर घेऊन येणाऱ्या आजोबांना वेटिंग रूममधून माझ्या खुर्चीपर्यंत यायलाच चार मिनिटं लागतात, आणि मला त्यांना चालताना बघायचं असतं.