नीलम काळवंडला? आधी अंगठी उलटी करून पाहा – या चुका टाळा

‘नीलम लाभला नाही, काळा पडला,’ अशी तक्रार कोकणात पावसाळा सरता सरता हमखास ऐकू येते. शनीचं रत्न, त्यामुळे धास्तीही जास्त. खडा निस्तेज दिसला की अंगठी थेट कपाटात जाते. पण अस्सल नीलम असा काळा पडत नाही. तो कुरुविंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. खनिजांचं काठिण्य 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापात त्याचं काठिण्य 9, नेहमीच्या रत्नांत त्याच्या वर फक्त हिरा. घामाने किंवा खाऱ्या वाऱ्याने त्याचा रंग हलत नाही. बिघडतो तो धातू, नाहीतर खड्याच्या चिरांत बाहेरून भरलेली काच.

खालची बाजू न धुणं

खडा बोटाला लागावा म्हणून नीलमाचं कोंदण खालून उघडं ठेवतात. भाकरीचं पीठ, खोबरेल, साबण सगळं तिथेच जाऊन बसतं. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवरून परत फिरतो, तेव्हा खडा चमकतो. त्या पैलूंवर तेलकट थर चढला की उजेड खालूनच निसटतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. त्यात अंगठी चांदीची असेल तर हवेतल्या गंधकामुळे ती काळी पडते आणि दमट हवेत हे लवकर होतं. पंचधातूतलं तांबं बोटावर हिरवट वळ उठवतं. दोन्ही धातूचे गुण, खड्याचे नव्हेत.

चार-पाच रिठे वाटीभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्या पाण्यात अंगठी 10-15 मिनिटं ठेवा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा. दुसऱ्या वाटीत खळबळा, उघड्या नळाखाली नको. सैल झालेला खडा मोरीत गेला की गेला. मलमलीने टिपून पूर्ण वाळू द्या.

आमसुलाने किंवा टूथपेस्टने घासणं

तांब्या-पितळेच्या भांड्यांना आमसूल, चिंच, लिंबू चालतं म्हणून अंगठीलाही तेच लावलं जातं. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. बाजारातल्या स्वस्त, गडद नीलमांपैकी बरेच काचभरीव असतात: चिरा पडलेल्या खड्यात शिशाची किंवा कोबाल्टची काच ओतलेली. आंबट रस ती काच खातो, पृष्ठभागावर पांढरट रेघा उमटतात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत. टूथपेस्टचा नीलमावर ओरखडा उठत नाही, पण सोनं-चांदी झिजते.

नवरत्नाची अंगठी असेल तर आणखी जपा. तिच्यातला मोती आणि पोवळं हे मुळात कॅल्शियम कार्बोनेट; आंबटात ते विरघळतात. पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते गरम पाण्याने निघतं. अशी अंगठी भिजवूच नका, ओल्या फडक्याने पुसा.

खडा न काढता झाळकाम

अंगठी सैल-घट्ट करताना खडा आधी काढायला सांगा. झाळताना लावलेला टाकणखार (बोरॅक्स) तापल्यावर नीलमाचा पृष्ठभाग खातो. काचभरीव खडा तर आचेनेच फुटतो. दागिने साफ करायचं अल्ट्रासॉनिक यंत्रही काचभरीव खड्याला नको.

दुधाची परीक्षा

दुधात टाकल्यावर दूध निळसर दिसलं तर नीलम खरा, ही परीक्षा नव्हे. निळ्या काचेनेही तसंच दिसतं. काचेवर ओरखडा उठतो का, हेही निरुपयोगी, कारण कृत्रिम नीलम तितकाच कठीण असतो; तो 1910 च्या आसपासपासून कारखान्यात बनतो. 10 पट भिंगातून त्यात स्फटिक वाढतानाच्या वक्र रेषा, तर साध्या काचेत गोल बुडबुडे दिसू शकतात. ‘नीली’ म्हणून मिळणारा खडा नीलम नव्हे, आयोलाइट नावाचं वेगळं खनिज: फिरवून पाहिला की एका बाजूने जांभळट निळा, दुसरीकडून फिका पिवळसर.

हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो, खड्याविषयी काहीच नाही. प्रयोगशाळेच्या दाखल्यात नुसती उष्णताप्रक्रिया लिहिलेली असेल तर घाबरू नका, बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. मात्र काच भरल्याचा उल्लेख असेल तर किंमत आणि निगा दोन्ही बदलतात. वजन कॅरेटमध्ये मागा. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम सगळीकडे. रत्तीचं माप मात्र एकच नाही.

किनाऱ्यावर अंगठी घालून जाणं

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं खनिज. नीलमाला निळा रंग याच दोन मूलद्रव्यांमुळे येतो, हे फार सुंदर वाटतं. पण हीच वाळू सोन्याहून कठीण. खडा धरणाऱ्या बारीक नख्यांखाली अडकली की त्या झिजतात. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. खुळखुळली तर लगेच सोनाराकडे न्या.

काढून ठेवताना ती कोरडी करून हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, एकटीच ठेवा. नीलम शेजारच्या मोत्यावर सहज ओरखडे पाडतो. पिशवीला रबर लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदी पुन्हा काळी पडते.